गोलबागेतलं बाकडं आणि शाळेचा नळ

साताऱ्याला आले की अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, संध्याकाळी गोलबागेत घेऊन जायचं हे गेली तीनचार वर्षं ठरूनच गेलंय. आधी ते एकटेच जायचे, शाहूपुरीतनं चालत, खिशात रुमाल आणि हातात घडी घातलेला पेपर. आता गुडघे धरतात, रिक्षा करावी लागते, आणि रिक्षातनं उतरताना कुणीतरी हात द्यायला लागतं. पण जायचं म्हणजे जायचंच. आई म्हणते घरात देवपूजा चुकेल यांची पण गोलबाग चुकायची नाही.

ज्यांनी सातारा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. राजवाड्यासमोर एक छोटी गोल बाग आहे, म्हणून गोलबाग. मध्ये थोरल्या प्रतापसिंह महाराजांचा पुतळा. शेजारी गांधी मैदान, तिथं संध्याकाळी चौपाटी लागते, भेळ, पाणीपुरी, पावभाजी, गरम तव्याचा आवाज. आजूबाजूनं रिक्षा, सिटी बस, मोती चौकाकडं जाणारी गर्दी. पुण्यामुंबईतल्या मोठ्या बागा पाहिलेल्या माणसाला वाटेल की ही काय बाग, दोन मिनिटांत चक्कर पूर्ण होते. पण साताऱ्यातल्या निदान तीन पिढ्यांनी इथं कुणाची तरी वाट पाहिलीय, अभ्यास केलाय, नोकरीचे अर्ज भरलेत. अप्पांचं बाकडं ठरलेलं आहे. तिथं कुणी बसलेलं असलं तर ते शेजारी उभे राहतात, काही बोलत नाहीत, आणि समोरचा माणूस थोड्या वेळानं आपणहून सरकतो.

2024 च्या दिवाळीत मी लेकीला घेऊन आठवडाभर राहिले. ती तेव्हा सहावीत होती. तिला वाघनखं बघायची होती, शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून आलेली. जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं आली आणि सगळ्यात आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हापासून आमच्या घरात रोज त्याच्यावर चर्चा चालू होती. मग 6 नोव्हेंबरला, बुधवारी, सकाळी आम्ही तिघं एसटी स्टँडजवळच्या त्या संग्रहालयात गेलो. अप्पा येणार नव्हते खरं तर, पण नातीनं आजोबा चला म्हटल्यावर त्यांनी लगेच इस्त्रीचा शर्ट काढला.

लाईन होती. खेड्यापाड्यातनं आलेली माणसं, डोक्यावर टोप्या, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं. लोक शांतपणे पुढं सरकत होते आणि काचेसमोर आल्यावर बऱ्याच जणांनी चपला काढलेल्या नसतानाही हात जोडले. मला ते फार आवडलं. वस्तू छोटी आहे, मुठीत मावेल एवढी, पोलादाची. लेक काचेला नाक लावून बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, ही इंग्लंडला कशी गेली?

तर याचं उत्तर साताऱ्यातच आहे. 1818 साली इंग्रजांनी सातारा घेतलं, पेशवाई संपली, आणि प्रतापसिंह महाराजांना त्यांनी गादीवर बसवलं, पण शेजारी आपला माणूस ठेवला, जेम्स ग्रँट डफ. हा 1822 पर्यंत इथं होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. वाघनखांच्या पेटीवर जो मजकूर आहे त्यात असं म्हटलंय की तो साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानानं त्याला ही भेट दिली, आणि पुढं त्याच्या वंशजांकडनं ती म्युझियमकडं गेली. आणि तेच म्युझियम हेही स्वच्छ सांगतं की अफजलखानाच्या भेटीत महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, असं सिद्ध करता येत नाही. याच्यावरनं इकडं बरीच भांडणं झाली, पेपरात पानंच्या पानं. मी लेकीला दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली मग एवढी लाईन कशासाठी? मी म्हटलं, लोकांचं महाराजांवर प्रेम आहे म्हणून. ते खरंच आहे आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

पण अप्पा तोपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले होते. आम्ही आल्यावर म्हणाले, "झालं का बघून? आता संध्याकाळी माझं म्युझियम दाखवतो हिला."

अप्पांचं म्युझियम म्हणजे जुना राजवाडा. गोलबागेसमोरचा. कारण ते तिथं शाळेत होते.

हा राजवाडा प्रतापसिंह महाराजांनी बांधला, 1824 च्या सुमारास. शेजारचा नवा राजवाडा त्यांच्यानंतरच्या काळात पुरा झाला, तिथं पुढं बरीच वर्षं कोर्ट भरायचं, आमच्या गावाकडची माणसं जमिनीच्या तारखांना यायची ती तिथंच. प्रतापसिंह हा माणूस मला नेहमी जवळचा वाटत आलाय आणि त्याच्याबद्दल साताऱ्याबाहेर फार कुणी बोलत नाही याचं वाईटही वाटतं. रोजनिशी लिहायचे. गावात रस्ते केले, शाळा काढली, छापखाना आणला. कुणाच्या तरी मेहेरबानीनं मिळालेलं राज्य, तेही एवढंसं, आणि त्यातही त्यांना सुचलं काय तर पोरांनी शिकावं. मग इंग्रजांशी बिनसलं. 5 सप्टेंबर 1839 ला त्यांना गादीवरनं काढलं आणि काशीला पाठवून दिलं. त्यांच्या बाजूनं रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं भांडत राहिले, पण महाराज 1847 मध्ये काशीतच गेले. त्यांना हा वाडा परत दिसला नाही. पुढच्याच वर्षी भाऊ अप्पासाहेब महाराज वारले आणि डलहौसीनं वारस नाही म्हणून सातारा खालसा केलं. दत्तक नामंजूर करून डलहौसीनं जी संस्थानं गिळली त्यातलं पहिलं सातारा.

राजा गेला, राज्य गेलं आणि वाडा उरला. मग इंग्रजांच्याच काळात त्या वाड्यात सरकारी हायस्कूल भरायला लागलं. पुढं त्याला प्रतापसिंह हायस्कूल असं नाव मिळालं. हे मला फार बरं वाटतं. ज्यानं पोरांनी शिकावं म्हणून जीव टाकला त्याच्या दिवाणखान्यात पोरांचे वर्ग भरले, पाढ्यांचा आवाज घुमला, आणि शेवटी नावही त्याचंच लागलं.

अप्पा खटाव तालुक्यातले. आठवीला साताऱ्याला आले, 1961 साली, चुलत्यांच्या खोलीवर. खटाव माण म्हणजे काय हे सांगायला नको, पाऊस आमच्याकडं वाट चुकल्यासारखा येतो. त्यांच्या लहानपणी आजी पहाटे उठून विहिरीवर जायची, आत उतरून वाटीवाटीनं पाणी भरायची. माणसाची किंमत घरात किती हंडे भरलेत त्याच्यावरनं ठरायची, असं अप्पा म्हणतात. पुढं नोकरीही पाटबंधारे खात्यातच मिळाली त्यांना, कारकून म्हणून, आणि 72 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवरचे मस्टर त्यांनी लिहिलेत. तर असा पोरगा साताऱ्यात आला. ज्या गावात महादरे आणि यवतेश्वराकडनं पाणी आणलेलं, पेठापेठांत हौद, कमानी हौद, मंगळवार तळं, फुटकं तळं. त्यांना पहिले दोन दिवस झोप लागली नाही म्हणे.

"आन शाळंत नळ," अप्पा सांगत होते. आम्ही तेव्हा गोलबागेत बसलो होतो, संध्याकाळचे पाच वाजले असतील, अजिंक्यताऱ्यावर ऊन अजून होतं. "कुठं दोर न्हाय, बादली न्हाय. कान पिळला की पानी. मी मधल्या सुट्टीत डबा खायच्या आधी नुसता नळ सोडून बघत बसायचो. शिपाई वरडायचा. ओंजळ धरायची आन पोट टम्म हुईस्तोवर प्यायचं. परत सोडायचा, परत प्यायचं. भूक मोडायची त्यानं, पर मला वाटायचं आपन राजाच्या घरातलं पानी पितोय."

हे मी शंभरदा ऐकलंय. लेकीनं पहिल्यांदा ऐकलं. ती हसली. अप्पाही हसले. मग नेहमी होतं तसं झालं, म्हणजे ते गप्प झाले, कारण या गोष्टीचा दुसरा भाग त्यांना कुणी शाळेत सांगितलेला नव्हता. तो त्यांना कळला नोकरीला लागल्यावर, साताऱ्यातल्याच एका सहकाऱ्याकडनं, चहा पिता पिता.

दुसरा भाग असा. 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी याच शाळेत एका मुलाचं नाव घातलं गेलं. इंग्रजी पहिलीत. वय नऊ. रजिस्टरमध्ये नाव भिवा रामजी आंबेडकर, नंबर 1914, आणि समोर त्या मुलाची सही. वडील लष्करातनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले, आई भीमाबाई काही वर्षांपूर्वी साताऱ्यातच गेलेल्या. 1904 पर्यंत हा मुलगा या शाळेत होता, मग मुंबईला गेला. त्या प्रवेशाचा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, 2017 पासून. ते रजिस्टर शाळेनं जपून ठेवलंय.

बाबासाहेबांनी साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल नंतर स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात इतरांच्यात बसता यायचं नाही, एका कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला स्वतःचं गोणपाट, आणि ते गोणपाट रोज घरी न्यायचं आणि रोज आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. आणि पाणी. इतर पोरांना तहान लागली की ती मास्तरांना विचारून नळावर जायची, सोडायची, प्यायची. याला नळाला हात लावायची परवानगी नव्हती. कुणीतरी नळ सोडून द्यायला लागायचं, ते काम शिपायाचं, आणि शिपाई नसला तर पाणी नाही.

एवढं साधं आहे हे. शिपाई नसला तर पाणी नाही.

अप्पांनी हे ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत, असं आई सांगते. आम्ही मराठा. गावात आमच्या विहिरीवर कोण यायचं आणि कोण यायचं नाही, हे अप्पांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ते पाहिलेलं सगळं त्या दिवशी त्यांच्या अंगावर आलं असणार. मी विचारलंय त्यांना दोनतीनदा. ते एवढंच म्हणतात, "मी रोज पोटभर प्यालो गं. रोज."

नळ तोच असेल असं नाही, साठ वर्षांत नळ बदलतो, पाईप बदलतो. पण वाडा तोच.

आणि बाबासाहेबांच्या त्याच लिखाणातली एक गोष्ट अशी आहे की तिचा आमच्या तालुक्याशी संबंध आहे, म्हणून ती मी लेकीला मुद्दाम सांगितली, गोलबागेच्या बाकड्यावर, शेजारी दाणे फोडत. 1901 सालचा उन्हाळा. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायचं काम काढलं होतं. त्यांनी पोरांना सुट्टीला बोलावलं. भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं. नवे कपडे शिवले, टोप्या, धोतरं. साताऱ्याहून स्टेशनपर्यंत टांगा, मग आगगाडी, पोरांनी पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं, आणि मसूरला उतरायचं. मसूरला उतरले तर घ्यायला कुणी नाही, चिठ्ठी पोचलीच नव्हती. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीनं बोलला, आणि जात कळल्यावर त्याचा चेहराच पालटला, तो आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाले न्यायला तयार नाहीत. शेवटी एक जण तयार झाला, दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्र झाली, डबा होता सोबत, पण पाणी कुणी दिलं नाही. टोलनाक्यावरही नाही. अन्न समोर आणि घोट नाही, म्हणून पोरं तशीच उपाशी झोपली.

तलाव खोदायच्या कामावर बाप आणि पोरं तहानलेली. हे मी नीट सांगू शकले नाही, आवाज अडकला. लेक दाणे खायची थांबली.

मग तिनं विचारलं, "आजोबा, ती खोली कुठंय?"

उठलो आणि वाड्यापाशी गेलो. दिवाळीची सुट्टी, त्यामुळं सगळं सामसूम. बाहेरनंच पाहिलं. जुनं लाकूड, सागवानी खांब, पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झालेल्या. अप्पांनी काठी टेकवून त्यातल्या एका पायरीवर बूट ठेवला आणि लेकीला दाखवलं, बघ, मध्ये कशी खाली गेलीय, काठाला नाही. ती वाकून हात फिरवत बसली. दगडाची कड तिच्या तळव्याला लागत होती आणि मध्ये एकदम गुळगुळीत, ताटलीसारखं. अप्पा म्हणाले पोरं नेहमी मधनंच पळतात. ती म्हणाली, मग त्यांचा पाय कुठं पडला असेल, मधी का काठाला? कुणाचा ते आम्हाला दोघांनाही विचारायला लागलं नाही. अप्पांनी उत्तर दिलं नाही. बराच वेळ त्या पायरीकडं बघत राहिले.

मला तिथं उभं राहून जे वाटलं ते इथं लिहिते, कारण हे वाचणारे सातारकर बरेच असतील. आपण वाघनखं बघायला रांग लावली आणि लावायलाच पाहिजे. पण आपल्या गावात एक वस्तू अशी आहे की तिच्याबद्दल कसलाच वाद नाही. तारीख आहे, नंबर आहे, नाव आहे, सही आहे. ज्या हातानं पुढं देशाची घटना लिहिली त्या हाताची लहानपणीची सही. आणि ती वस्तू जिथं घडली ती जागाही आहे, एका राजाचा वाडा, ज्या राजाला शिक्षणाचं वेड होतं. एवढं सगळं एका जागी जुळून आलेलं दुसरं गाव मला माहीत नाही. हा वाडा नीट दुरुस्त व्हावा, लाकूडकाम जाणणाऱ्या माणसांच्या हातनं, सिमेंट थापून नाही, आणि त्याचं म्युझियम व्हावं असं मला मनापासून वाटतं. फार मोठं नको. प्रतापसिंहांची एक खोली असावी, त्यांच्या रोजनिशीतली पानं, रस्त्यापाण्याचे नकाशे. रंगो बापूजींची एक असावी. आणि एक वर्ग, 1900 सालचा, जसा होता तसा. फळा, मास्तरांची खुर्ची, पोरांची बसायची जागा, आणि कोपऱ्यात वेगळं ठेवलेलं एक गोणपाट. त्याच्यावर पाटी नको, माहिती नको, रोषणाई तर नकोच. पोरांनी आत यावं आणि विचारावं हे इथं का? आणि मग घरच्यांना सांगावं लागावं.

बाहेर एक नळ असावा. ज्याला तहान लागेल त्यानं सोडावा.

अप्पांना मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "आन रजिस्टर?" मी म्हटलं ते तर हवंच, मध्यभागी. ते म्हणाले, "मग माझं नाव पन सापडंल त्यांच्यात कुटंतरी, एकसष्टच्या वहीत." हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की मला त्यांचा हात धरावासा वाटला. खरंच की. त्याच शाळेच्या एका वहीत खटावच्या एका पोराचंही नाव आहे, आणि अजून हजारो पोरांची. गुरं राखणाऱ्यांची, शिंप्यांची, भटजींची, पोलिसांची. सगळी म्युझियममध्ये नसतील पण सगळी त्या पायऱ्यांवरनं मधनंच पळालेली.

साताऱ्यात दुसरी एक बाग आहे, धनिणीची बाग, तिच्याबद्दल न लिहिता पुढं जाववत नाही. तिथं कर्मवीर भाऊराव पाटलांचं बोर्डिंग होतं. रयत शिक्षण संस्था सुरू झाली 1919 ला, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात, आणि 1924 ला साताऱ्याला आली. वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव, आणि 25 फेब्रुवारी 1927 ला गांधीजी येऊन गेले. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक, एका पंगतीत जेवण. एकदा पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. आमच्याकडं ही गोष्ट प्रत्येक घरात सांगतात, त्यामुळं ऐकून ऐकून गुळगुळीत झालीय, पण त्या दिवशी राजवाड्यापाशी उभं राहून मी हिशोब केला तर 1904 ते 1924, मध्ये वीसच वर्षं. एका मुलानं हे गाव सोडलं आणि वीस वर्षांत त्याच गावात, चालत गेलं तर अर्ध्या तासाच्या अंतरावर, सगळ्या जातींची पोरं एका हंड्यातलं पाणी पीत होती. गावभर सगळं बदललं होतं असं मी म्हणत नाही, अप्पांची विहीर तर चाळीस वर्षांनीही तशीच होती. पण एका बागेत तरी ते झालं होतं. ज्यानं केलं तो माणूस फक्त सहावीपर्यंत शिकलेला होता, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. किती शिकला यापेक्षा त्यानं किती पोरं शिकवली ते बघा असं माझ्या बाई म्हणायच्या.

परत येऊन आम्ही गोलबागेत बसलो. दिवे लागले होते. पुतळ्याच्या भोवती लहान पोरं पकडापकडी खेळत होती, एक आजी माळ ओढत बसलेल्या, कॉलेजची चार पोरं मोबाईलवर काहीतरी बघून हसत होती. चौपाटीवरनं भेळ आणली. भेळवाल्यानं पाण्याचा जग आणि दोन ग्लास ठेवलेले, येईल तो भरून घेत होता, पिऊन झालं की ग्लास विसळून पुन्हा तिथंच. लेक बराच वेळ त्या जगाकडं बघत होती. मी काही बोलले नाही. अप्पांनी भेळेतल्या मिरच्या वेचून माझ्या पुड्यात टाकल्या, लहानपणापासून टाकतात तशा.

मग ती म्हणाली, "उद्या सात नोव्हेंबर ना? आपण सकाळी यायचं का परत?"

मी अप्पांकडं पाहिलं. दिवसभराच्या दगदगीनं त्यांचा गुडघा सुजला होता, ते लपवायचा प्रयत्न करत होते पण काठीवरचा हात कापत होता. मी म्हटलं, बघू, आजोबांना बरं वाटलं तर. ते काहीच बोलले नाहीत. रिक्षात बसताना दोनदा हात द्यायला लागला. घरी आल्यावर आईनं गुडघ्याला तेल लावलं, शेक दिला आणि मला रागावली की एवढं फिरवायचं असतं का म्हाताऱ्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी मी सातला उठले तर अप्पा बाहेरच्या खोलीत तयार होऊन बसलेले. पांढरा शर्ट, कंगव्यानं नीट बसवलेले केस, शेजारी काठी. मांडीवर नातीची शाळेतली पाण्याची बाटली, गच्च भरलेली, आणि तिचं झाकण घट्ट बसलंय का ते बघत होते.